रुळांच्या यंत्रावर केसरवहिनी

रुपचंद नानाने भुसावळला रेल्वेत बत्तीस वर्षं रुळांची पोटं तपासली. काम मोठं नामी. हातगाडीसारखं यंत्र रुळावरून ढकलत न्यायचं. ते लोखंडात आवाज सोडतं, कुत्र्यालाही ऐकू येणार नाही इतका बारीक. तो आवाज रुळाच्या तळाला आपटून परत वर येतो आणि पडद्यावर एक उंच शेंडी उभी राहते. शेंडी जागच्या जागी असली की रूळ खणखणीत. मधेच दुसरी शेंडी उगवली की समजायचं, आत चीर आहे.

अशी एक चीर नानाने भादली स्टेशनच्या अलीकडे धरली होती, हे खरं. बाकीचं त्याने नंतर वाढवलं. नोकरीत असताना ती चीर सुतळीएवढी होती आणि मागून मालगाडी येत होती. पेन्शन घेऊन तो पिंपळनेरजवळच्या आपल्या गावी परतला तोवर चीर कोळ्याच्या धाग्याएवढी झाली, आणि मालगाडीची अठरा डब्यांची मेल. पुढच्या वर्षी त्या मेलच्या ड्रायव्हरने खाली उतरून नानाचे पाय धरले. गाव यातलं निम्मं मानायचं, पण तेवढ्यावरही नानाची छाती फुगायची.

तिथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते धुळ्याच्या भंगारबाजारात. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातलं, टाक्यांचे सांधे तपासायचं एक यंत्र नानाला तिथे सापडलं. डब्याएवढं, हिरव्या पडद्याचं, वायरीच्या टोकाला बोटभर जाडीची दांडी. रुळांच्या यंत्राचं सख्खं भावंडच. नानाने ते घरी आणलं, नवी बॅटरी घातली आणि मारुतीच्या ओट्यावर घेऊन बसला.

ओट्यावर बसलेली भिकुबाई सहज म्हणाली, "नाना, मना गुडघा देखा बरं यामा."

नानाने गंमत म्हणून तिच्या गुडघ्याला शेंगदाण्याचं तेल चोळलं, दांडी टेकवली. पडद्यावर पावसाळ्यातल्या गवतासारख्या शेंड्याच शेंड्या उगवल्या. त्याला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "हाड खणखणीत शे. गादी जरा झिजेल शे."

झिजलेलीच होती. सत्तरीच्या बाईचा गुडघा, आणखी काय असणार? पण भिकुबाई ओट्यावरून उठली ती थेट बोलत सुटली. पंधरा दिवसांत माणसं तेलाच्या वाट्या घेऊन यायला लागली. कोणाची कंबर, कोणाचा खांदा. नाना कोणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचा नाही. त्याला फक्त पडदा बघताना सगळ्यांनी श्वास रोखलेला आवडायचा.

केसरबाई ही नानाच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको; नानाला ती भाऊ म्हणायची. घर भिंतीला भिंत लागून. दिवाळी झाल्यावर तिच्या उजव्या कुशीत कळ यायला लागली. पाठीकडून निघायची आणि जांघेपर्यंत उतरायची. तिच्या मुलाची, दीपकची बायको पुनम म्हणाली, "आई, धुळ्याला जाऊन सोनोग्राफी करून घेऊ. दीपक गाडी काढतील."

केसरबाई हसली. "धुळाले कसाले? तीच मशीन मना देरना घरमा शे."

नानाने तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. तोंडात आलंही होतं. पण दाराशी चार बायका उभ्या होत्या, आणि वहिनी पदर सावरून अशी विश्वासाने आडवी झाली होती की त्याचा हात आपोआप तेलाच्या वाटीत गेला. पडद्यावर गवत उगवलं. भिकुबाईच्या गुडघ्यात उगवलेलंच गवत. मधे वेगळी शेंडी दिसली नाही.

"खणखणीत," नाना म्हणाला. "वारा धरेल शे. ओवा खा."

पुनमने एकवार नानाकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

वहिनीने चार महिने ओवा खाल्ला. कळ आली की ती म्हणायची, वारा शे, भाऊनी देखेल शे. पुनमने धुळ्याचं नाव काढलं की तिला हेच उत्तर. फाल्गुनात एका सकाळी वहिनीला थंडी वाजून ताप भरला आणि उलट्या थांबेनात. दीपकने पिकअपमध्ये गादी टाकली. नाना न बोलावता मागे चढून बसला. साक्रीपर्यंत तो प्रत्येक खड्ड्यात तिचं डोकं धरून होता.

धुळ्याच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीत एकाच नातेवाइकाला सोडतात. पुनम निघाली तसा नाना म्हणाला, "मलाही येऊ द्या, मॅडम. मी याच लाइनीतला. बत्तीस वर्षं."

डॉक्टर शिल्पा तरुण होत्या, घाईत होत्या. "या, पण मधे बोलू नका," म्हणाल्या. त्यांनी वहिनीच्या कुशीला थंड जेल लावलं आणि दांडी टेकवली.

नानाला वाटलं होतं, गवत दिसेल. गवत नव्हतं. पडद्यावर वहिनीचं आतलं शरीर होतं, राखाडी, हलणारं, श्वासाबरोबर खालीवर होणारं. नानाला त्यातला एकही अवयव ओळखता येईना. पण परत आलेला आवाज म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. म्हणून डॉक्टरांच्या आधी त्याला दिसलं, की एके ठिकाणी पांढरा ठिपका लखलखतोय आणि त्याच्या मागे काळी सावली पडलीय. तिथून आवाज पुढे जातच नव्हता.

डॉक्टरांनी ठिपक्याच्या दोन टोकांना दोन फुल्या ठेवल्या. मशीनने आकडा लिहिला. "अठरा मिलिमीटर. खडा आहे. लघवीच्या नळीच्या तोंडाशी अडकलाय. आणि हे काळं दिसतंय ना सगळं, ते तुंबलेलं पाणी. किडनी फुगलीय. ताप आहे म्हणजे पूही असणार." त्या वहिनीकडे वळल्या. "आजी, दुखायला कधीपासून लागलं?"

"दिवाईपासून."

"दिवाळी? मग इतके दिवस कुठे दाखवलं नाही?"

पुनम भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होती.

"नही दखाडं," वहिनी म्हणाली. "मनाच आळस."

डॉक्टरांनी मान हलवली. "तुमच्यासारखी माणसं अशीच अंगावर काढतात. तेव्हाच आला असतात तर साध्या कामात भागलं असतं. आता किडनी किती वाचेल सांगता येत नाही. निम्मी वाचली तरी नशीब समजा."

बोलणी वहिनीने खाल्ली. ज्याने खायला हवी होती तो बत्तीस वर्षांचा लाइनवाला तिच्या पायाशी उभा होता, आणि त्याला मधे बोलायची मनाई होती म्हणून तो बोलला नाही. निदान बाहेर आल्यावर त्याने स्वतःला असंच सांगितलं.

त्याच दुपारी पडद्यावर बघत बघत डॉक्टरांनी पाठीतून एक बारीक नळी किडनीत घातली. पिशवीत गढूळ पाणी उतरायला लागलं. पू धुवून निघाला की दहा-बारा दिवसांनी त्याच वाटेने आत सळई घालायची आणि आवाजाच्याच थरथरीने खडा फोडून चुरा ओढून घ्यायचा, असं त्यांनी समजावलं. एरवी नानाने हे ऐकून चार गोष्टी रचल्या असत्या. त्या दिवशी तो पिशवीत पडणाऱ्या थेंबांकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी तो कपडे आणायला गावी आला, तर ओट्यावर अख्खा मेळा. बातमी त्याच्या आधी पोचली होती, आणि वाटेत तिचं तोंड फिरलं होतं.

"या नाना," भिकुबाई म्हणाली. "तुम्ही मशीनवर खडा धरेल शे म्हणीसन केसर वाचनी. बठ्ठं गाव तेच म्हणी ऱ्हायनं."

प्रेमराज पानवाला म्हणाला, "पहिले मेल वाचाडी, आते भावजय."

नाना गप्प राहिला असता तरी पुरलं असतं. नुसती मिशी हलवली असती तरी गोष्ट उभी राहिली असती, आणि ती त्याच्या सगळ्या गोष्टींपेक्षा सरस झाली असती. त्याने ओट्याच्या कडेवर हात टेकले.

"मी नाही धरला खडा," तो म्हणाला. "मी तिला ओवा खायला सांगितला. तिची किडनी माझ्यामुळे गेली. त्या मशीनमधलं मला काहीच कळत नाही."

प्रेमराज खो खो हसला. "आज तं नाना वेगळाच रंगमा शे." सगळेच हसले. एकाने म्हटलं, थांबा, या गोष्टीच्या शेवटी मशीनच बोलायला लागेल, बघा. भिकुबाईने तर साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय पुढे केला.

त्याने रचलेल्या गोष्टींना माना डोलावणारी ही माणसं, एका खऱ्या वाक्याला त्याच्या तोंडावर हसत होती. नाना घरात गेला. यंत्र घेऊन आला, आणि माळ्यावरचं एक डांगरही, भलामोठा लाल भोपळा. डांगर ओट्यावर ठेवलं, त्याला तेल चोळलं, दांडी टेकवली.

पडद्यावर गवत उगवलं.

"आता गुडघा दे," तो म्हणाला. भिकुबाईच्या गुडघ्यावरही तेच गवत. मग परत डांगर. मग प्रेमराजचा खांदा. मग परत डांगर. हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं.

भिकुबाईने साडी खाली ओढली. "मंग मना गुडघानं काय?"

"माहीत नाही."

"मना घरधनीनी छाती देखेल व्हती तुम्ही. खणखणीत सांगं व्हतं."

"माहीत नाही, भिकू. त्याला पिंपळनेरला दाखव. उद्याच दाखव."

ती उठली. तिच्यामागून बाकीचेही उठले. जाताना कोणी "येतो नाना" म्हटलं नाही.

संध्याकाळच्या एसटीने तो धुळ्याला पोचला. जिन्यात पुनम भेटली, हातात डब्याची पिशवी. तिला गावातलं कळलं होतं.

"गावाला सांगितलंत, बरं केलंत," ती म्हणाली. "आईंना अजून माहीत नाही. मी सांगणार नाही."

"डॉक्टरीणबाईंना?"

"त्यांनाही तुम्हीच सांगा. कागदावर 'रुग्णाचं दुर्लक्ष' असं लिहिलंय त्यांनी."

नाना आधी डॉक्टरांकडे गेला. त्या ऐकत राहिल्या, पेन खाली ठेवलं, आणि इतकंच म्हणाल्या, "कितीजणांना तपासलंत असं?" त्याने नावं सांगितली, तेवीस. त्यांनी ती लिहून घेतली आणि सगळ्यांना दवाखान्यात पाठवायला सांगितलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनी कुशीवर पडली होती, तोंड दाराकडे. ताप उतरला होता. नानाला बघून तिने स्टुलाकडे बोट केलं.

"बसा भाऊ. सकायपासून एक विचार करी ऱ्हायनू मी. तुम्ही देखं तवळ खडा नव्हता ना? मांगून ऊना व्हई तो."

तिने त्याच्यासाठी वाट काढून ठेवली होती. मागाहून आला असेल, एवढं म्हटलं की झालं. तिने डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोलून त्याला का वाचवलं, तेही नानाला तेव्हाच कळलं. तिच्या लेखी ते खोटं नव्हतंच. तिच्या लेखी यंत्र बरोबर होतं, भाऊ बरोबर होता, आणि त्यानंतर पुन्हा दाखवायचा आळस तेवढा तिचा.

"व्हता वहिनी," नाना म्हणाला. "तवळच व्हता. माले त्या मशीनमधलं काही समजत नाही. चार बाया उभ्या व्हत्या म्हणून बोललो मी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने भिंतीकडे वळायला हात टेकला आणि अर्ध्यातच थांबली. पाठीतली नळी ओढली गेली होती. पुन्हा एकदा वळायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

तेव्हा तिने तशीच, त्याच्याकडे तोंड असताना, डोळे मिटून घेतले. ती झोपलेली नव्हती. नाना स्टुलावरून उठला नाही.