मायाताईंचा समुद्राचा ड्रेस

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन. राहते अंबरनाथ पूर्वेला, बुद्ध विहाराच्या मागच्या चाळीत, मायाताईंच्या खिडकीखाली. माझ्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी अर्धी पुसली गेली आहे. आज सकाळपासून मला दम खायलाही फुरसत नाही, तरी तुमच्यासाठी जराशी थांबते. मला तुम्हाला एका समुद्राची गोष्ट सांगायची आहे. तो समुद्र मी कधी पाहिला नाही. पण त्यात उतरलेला ड्रेस मात्र मी शिवला आहे.

माझा जन्म लुधियानाचा. तिथे मला ओतलं, घासलं, रंगवलं आणि पेंढा भरलेल्या खोक्यात घालून इकडे पाठवलं. मायाताईंच्या लग्नाला वर्ष झालं तेव्हा बबनरावांनी मला घरी आणलं. ते एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत पाळ्या करायचे. त्या दिवशी मायाताईंनी माझं चाक नुसतंच फिरवून पाहिलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

मग आम्ही दोघींनी खूप काम केलं. चाळीतल्या बायकांची ब्लाउजं, शाळेचे गणवेश, साड्यांना फॉल. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून जीन्सच्या खिशांच्या आतल्या पिशव्या शिवायला यायच्या. जीन्सवरची शिलाई सगळे पाहतात, आतली पिशवी कुणी पाहत नाही. तरी मायाताई तिलाही सरळच टीप मारायच्या. "मायाताईंची टीप म्हणजे पट्टीने मारलेली रेघ," असं लोक म्हणत, आणि माझी छाती फुगायची. त्यांची लेक अस्मिता माझ्याच पायडलवर बसून बाराखडी शिकली, पुढे नर्स झाली.

एक गोष्ट मला सलायची. मायाताई स्वतःची ब्लाउजं नेहमी मनगटापर्यंतच्या बाह्यांची शिवायच्या. ऐन उन्हाळ्यातसुद्धा. त्यांच्या दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. मित्रांनो, हे डाग दुखत नाहीत आणि एकाचे दुसऱ्याला लागतही नाहीत. पण मायाताईंना पाहायला आलेला पहिला पाहुणा त्यांच्या हातचा चहा न पिताच उठून गेला होता. बबनराव मात्र दोन कप मागून प्यायले होते. तरी पहिल्या पाहुण्याचा तो कप मायाताई विसरल्या नाहीत.

पुढे बाजारात तयार कपड्यांचे ढीग लागले. मायाताईंचे गुडघे दुखू लागले. माझ्यावर प्लास्टिकचं फुलाफुलांचं झाकण आलं आणि झाकणावर टेलिफोन आला. चार-पाच वर्षं मला कुणी तेल घातलं नाही. माझा पट्टा सैल पडला. एक फायदा तेवढा झाला. फोनवरचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं.

त्या फोनवरच, दोन हजार सातच्या डिसेंबरात, एका रविवारी अस्मिताचा आवाज आला. ती तेव्हा कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर इस्पितळात नोकरीला होती.

"पप्पा, तुमची नि आईची तिकिटं मी काढतेय. मार्चमध्ये या. समुद्र माझ्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. माझं इथलं काम पुढच्या वर्षी संपेल. मग हे बेट आपल्याला कुठून दिसणार?"

बबनराव नुकतेच रिटायर झाले होते. रिकाम्या माणसाला कामच मिळालं! दुसऱ्याच दिवशी त्यांनी जगाचा नकाशा आणून भिंतीला लावला. बेट इतकं बारीक की चष्मा लावूनही सापडेना. सापडलं तेव्हा खूण म्हणून त्यांनी मायाताईंची टिकली काढून त्यावर चिकटवली. टिकलीखाली बेट बुडालंच!

मग दर रविवारी बाप-लेकीची बैठक फोनवर भरायची.

"अस्मिता, सुकट आणू का दोन किलो?"

"पप्पा, विमानातली माणसं खाली उड्या मारतील!"

"बरं. मग छत्री लागेल का? आणि तिथल्या लाटा केवढ्या? मी बदलापूरला उल्हास नदीत सूर मारायचो, मला काही भीती नाही. तुझ्या आईचंच बघावं लागेल."

कॅम्प तीनमधून त्यांनी नारळाच्या झाडांची चित्रं असलेली बर्म्युडा आणली आणि सवय व्हावी म्हणून ती घालून दूध आणायला गेले. शेजारच्या शालनताई हसून हसून दारातच बसल्या. "भाऊ, समुद्र अजून लांब आहे!"

सगळी चाळ त्या बेटाच्या गप्पा मारत होती. गप्प होत्या त्या एकट्या मायाताई.

एका संध्याकाळी बबनराव टॉवेल किती न्यायचे ते विचारत होते. तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही जाऊन या. मी नाही येत."

"का? गुडघे?"

"गुडघे नाहीत. टीव्हीवर पाहिलंत ना, समुद्रावर लोक कसे असतात? मी हे हात घेऊन कुठे बसू? सगळे बघतील. लेकीच्या ओळखीचे असतील तिथे. तिची मान खाली जायला नको."

मित्रांनो, बबनरावांनी टॉवेलांचा हिशेब तिथेच सोडला. ते उठले, फोन उचलून खिडकीत ठेवला, माझं झाकण काढलं आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

"अंगभर ड्रेस असला तर येशील?" त्यांनी विचारलं.

"समुद्रात घालायला अंगभर ड्रेस कोण विकतं?"

"विकायचं कशाला? शिवायचं!"

दुसऱ्या दिवशी मला लोखंडी पायांच्या स्टँडवरून सोडवलं आणि चादरीत गुंडाळलं. बबनरावांच्या मांडीवर बसून मी शेअर रिक्षाने कॅम्प तीनला निघाले. किती वर्षांनी बाहेर पडत होते मी! तिथे मशीन दुरुस्त करणाऱ्या हरिचंद्र मिस्त्रींनी मला पालथं घातलं, माझ्या पोटातला धाग्यांचा गुंता ओढून काढला, सांध्यासांध्यात तेल सोडलं. चाक फिरलं तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना.

समोरच जेठानंदशेठचं कापडाचं दुकान होतं. माझ्यावर कोणतं कापड चालेल ते बबनराव तिथून ओरडून विचारत होते, मिस्त्री इथून ओरडून उत्तर देत होते.

"ताणाचं कापड पाहिजे, पाण्यात घालायला," बबनराव म्हणाले.

"साईं, लायक्रा देतो. शाळावाले गॅदरिंगला नेतात," शेठ म्हणाले. "किस के लिए? मुलगी नाचते का?"

"नाही हो. बायकोसाठी. बार्बाडोसच्या समुद्रात घालायचं आहे."

शेठनी गल्ल्यावरून उठून स्वतः गठ्ठा उतरवला. "फिर ये गडद निळा लो. पाण्यात भिजला तरी आरपार नाही दिसणार. भाभी को बोलना, बिनधास्त तैरो."

लायक्रा म्हणजे माझी परीक्षाच होती. मी सुती कापडावर वाढलेली. हे कापड सापासारखं निसटायचं, ताणायचं, आणि माझे टाके सुटायचे. पहिल्या दिवशी मायाताईंनी उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा उसवलं. शेवटी मिस्त्रींनी दिलेली बोथट टोकाची सुई लावली आणि कापड निसटू नये म्हणून खाली पतंगाच्या कागदाची पट्टी धरली. मग मी चालले ते अशी चालले की शालनताई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "मायाताई, मशीन परत सुरू झाली वाटतं!"

ड्रेस तयार झाला. पायघोळ पँट, गुडघ्यापर्यंत झगा, मनगटापर्यंत बाह्या. मायाताई तो घालून मोरीत गेल्या आणि खात्री करायला अंगावर बादली ओतली. बाहेर आल्या तेव्हा बाह्यांतून पाण्याची धार लागली होती. हात वर केला की बगलेत तळं, खाली केला की मनगटाला पखाल!

बबनराव म्हणाले, "समुद्रातलं निम्मं पाणी तूच घरी आणशील."

दोघं इतके हसले की अस्मिताचा फोन वाजत राहिला. हे सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, बाह्या काढून टाक ना गं. पाण्यात हात जड होतील. इथे कुणी बघत नाही. आणि बघितलं तर बघू दे. तुझ्या हातांमुळे माझी मान कधीच खाली गेली नाही."

मायाताईंनी फोन ठेवला. कात्री घेतली. खांद्याशी नेली. थांबल्या. कात्री बाजूला ठेवली. मग त्यांनी दोन्ही बाह्या उसवून काढल्या, तोटीसारख्या अरुंद केल्या आणि माझा टाका अगदी मोठा, अगदी सैल करून परत जोडल्या. कच्ची टीप. एक दोरा ओढला की बाही हातात.

"वाटलं तर काढीन. नाही वाटलं तर राहू दे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

आयुष्यभर मी टीप पक्की बसावी म्हणून झटले. पहिल्यांदाच मला वाटलं, ही टीप सुटली तर किती बरं होईल.

मार्चमध्ये घराला कुलूप लागलं. मी एकटी राहिले. विमान कुठे असेल, ड्रेस कुठे असेल, मला काहीच कळत नव्हतं. कुलूप उघडलं तेव्हा दारात उन्हाने रापलेले दोन चेहरे उभे होते. मागोमाग शालनताई आणि सत्तरीच्या विठाआजी चहाला येऊन बसल्या.

"सांगा भाऊ, किती पोहलात?" शालनताईंनी विचारलं.

बबनराव कधी नव्हे ते छताकडे बघू लागले. सांगितलं ते मायाताईंनी.

पहिले दोन दिवस त्या किनाऱ्यावर झाडाखाली शाल पांघरून बसल्या. तिसऱ्या दिवशी जेमतेम गुडघाभर पाण्यात गेल्या. बबनराव पुढे छाती काढून उभे. मागे वळून म्हणाले, "बघ, अशी लाट अंगावर घ्यायची!" तेवढ्यात लाटेनेच त्यांना अंगावर घेतलं. टोपी एकीकडे, पाय आकाशाकडे. नदीत पोहणं वेगळं आणि समुद्र वेगळा! तोंडात पाणी गेलं, उठता येईना, परतणारं पाणी आत ओढू लागलं.

"मग हो?" विठाआजींचा कप हातातच राहिला.

"मग काय! मला पोहता कुठे येतं? पण मी शिरले कमरेएवढ्या पाण्यात नि हात पुढे केला. यांनी माझी बाही धरली. टर्रकन बाही निघून यांच्या हातात, आणि हे पुन्हा खाली!"

"नुसती बाही बघून माझा जीव गेला," बबनराव म्हणाले. "वाटलं, हिचा हातच तुटला."

"दुसऱ्यांदा मी यांचं मनगट धरलं नि ओढत वाळूवर आणलं. खोकत होते, पण बाही काही सोडली नव्हती. अस्मिता धावत आली. सगळे बघत होते. यांच्याकडे नाही, माझ्याकडे. माझा हात तसाच उघडा, उन्हात. एक म्हातारी बाई आली, तिने माझा तोच हात धरून दाबला नि इंग्रजीत काहीतरी बोलली. अस्मिता म्हणाली, 'आई, ती म्हणतेय, केवढी ताकद आहे या हातात!'"

मायाताईंनी चहाचा घोट घेतला.

"मग दुसरी बाही मीच ओढून काढली. एका बाहीने काय करायचं होतं? नंतर रोज पाण्यात बसले. हे वाळूवर बसून माझी चप्पल सांभाळायचे."

खोलीत हसू फुटलं. हसता हसता शालनताई म्हणाल्या, "आपण सगळ्या एकदा केळव्याला जाऊ या का? समुद्र काय फक्त बार्बाडोसलाच आहे? मायाताई, मला शिवून द्याल असा ड्रेस?"

"देईन की. बाह्या केवढ्या ठेवू?"

शालनताई दंडावर बोटाने माप दाखवू लागल्या. तेवढ्यात विठाआजींनी बशी खाली ठेवली.

"माझ्या ड्रेसला बाह्याच नकोत," त्या म्हणाल्या. "मला उकडतं."

मित्रांनो, तेव्हापासून माझी सुई थांबलेली नाही. पलीकडच्या चाळीतल्या बायकांनीही मापं दिली आहेत. जेठानंदशेठचा निळा गठ्ठा संपला, आता हिरवा चालू आहे. मला त्या कापडाची सवय झाली आहे. गुडघे दुखले की मायाताई उठून चार पावलं चालतात आणि परत येऊन बसतात.

तुमच्याही घरात कुठेतरी माझी एखादी बहीण झाकणाखाली उभी असेल. तिच्यावर पेपरांची रद्दी असेल, रिकाम्या बाटल्या असतील. रद्दी उचला. दोन थेंब तेल घाला, पट्टा ओढून पाहा, चाक हळूच आपल्याकडे फिरवा. आणि घरात कुणी मनातली हौस झाकून बसलं असेल, तर त्यांच्याही जवळ बसून एकदा विचारा. आम्ही लोखंडाच्या, आम्हाला तेल पुरतं. माणसांना कुणीतरी विचारावं लागतं.

चला, विठाआजी एकदाच्या माप द्यायला आल्या. मला कामाला लागू द्या.