मायच्या नावानं नेलेली गाडी

“मायले कोल्हापूरच्या देवीले नेतो,” असं सांगून धनराजनं कारंज्याच्या उज्ज्वलाताईंची गाडी आणली. मग मायले घरीच ठेवून तो दोस्तांसोबत समुद्रावर गेला.

आता इंझोरीच्या अंगणात तो गाडी धूत होता. सीटखालची वाळू कितीही झाडली तरी संपत नव्हती, आणि चाकांवरचं पांढरं मीठ वाळलं की पुन्हा दिसत होतं. तेवढ्यात ताई स्वतःच आल्या.

“दर्शन झालं का, मावशी?” त्यांनी दारात उभ्या धनराजच्या मायले विचारलं.

कमलीबाईनं लेकाच्या पायाशी पडलेली वाळू पाहिली. “झालं नं,” म्हणत ती आत गेली आणि डब्यातली साखर आणून ताईंच्या हातावर ठेवली.

ताईंनी ती कपाळाला लावली. त्यातलीच चिमूटभर धनराजपुढं धरली. “घे बाप्पा, तुयामुळं मायले देवी दिसली.”

वाळूनं भरलेले हात धनराजनं पाठीमागं लपवले.