ओलांडू नका, उघडा

मित्रांनो, पूर्ण दरवाजा म्हणवून घेण्याएवढी माझी उंची नाही. मी एक जुना, बुटका दरवाजा आहे. मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत कसाबसा पोचतो. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये माझी जागा. इकडे खेळणी, तिकडे शेगडी आणि मध्ये मी. सगळं आयुष्य मध्ये उभं राहण्यात गेलं, म्हणून मी ना इकडचा झालो ना तिकडचा.

माझा जन्म एका नियमापोटी झाला. आईबाबा कामावर गेल्यावर ज्यांना बघायला कुणी नसतं, अशी लहान मुलं घरी सांभाळायची, असं या घरच्या मावशींनी ठरवलं होतं. पण त्यासाठी परवाना लागतो, आणि परवाना हवा तर घरही तसं करावं लागतं. औषधांच्या कपाटाला कुलूप हवं, विजेच्या भोकांना झाकणं हवीत, अडीअडचणीला धावून येईल असा जवळचा माणूस हवा. आणि स्वयंपाकघराच्या वाटेवर मुलांना उघडता येणार नाही असा एक दरवाजा हवा. मावशींचा धाकटा भाऊ सुतार होता. त्याने मला घडवलं, घासून गुळगुळीत केलं आणि शोभा यावी म्हणून पट्ट्या आडव्या ठोकल्या. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

मग तपासनीस बाई आल्या. सगळं घर पाहून झाल्यावर त्या माझ्यासमोर थांबल्या. दरवाजा दिसतो छान, पण ही तर शिडी झाली, असं त्या म्हणाल्या. मूल पट्टीवर पाय ठेवील आणि पलीकडे जाईल. सुतारदादाचं तोंड एवढंसं झालं. दिवसभर तो पुटपुटत राहिला, पण संध्याकाळपर्यंत त्याने माझ्या सगळ्या पट्ट्या काढून उभ्या बसवल्या. खिळ्यांची जुनी भोकं त्याने भुसा आणि डिंक भरून बुजवली. त्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. कडीही बसली ती दोन हातांची. एका हाताने खटका दाबायचा, दुसऱ्याने कडी उचलायची. परवाना भिंतीवर लागला आणि मुलं आली.

मुलांना मी कधीच आवडलो नाही. कोपऱ्यातल्या लाकडी घोड्याला मिठ्या आणि मला लाथा. मावशी आत गेल्या की मुलं माझ्या पट्ट्या धरून उभी राहत, भोकाड पसरत आणि मला गदागदा हलवत. दात येणारं प्रत्येक बाळ माझी वरची कड चावून गेलं. संध्याकाळी आईबाबा न्यायला येत तेव्हा तेही घोड्याचंच कौतुक करत. मला वाईट वाटायचं. पण काही घडू न देणं हेच ज्याचं काम, त्याचं काम कुणाला दिसणार?

रोज जेवणाआधी मावशी ताटलीवर पळी वाजवत. पळी वाजली की हातातलं टाकायचं आणि बाहेरच्या दाराजवळच्या सतरंजीवर जाऊन बसायचं. आग लागली तर मुलं एका जागी सापडावीत म्हणून ही सवय होती. मुलांना मात्र तो खेळच वाटे. सगळी बसली की पळी थांबे. भिंतीपलीकडे शिंपीकाका राहत. अडीअडचणीचा माणूस म्हणून मावशींनी त्यांचंच नाव दिलं होतं आणि घराची दुसरी किल्लीही त्यांच्याकडे असे. पळी ऐकू आली की काका शिलाई मशीन बंद करून जेवायला उठत.

मावशींचं मुलांना आणखी एक सांगणं असे. दरवाजा ओलांडायचा नाही, मोठ्यांनी कडी काढली की मगच जायचं. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मावशी चांगल्या उंच होत्या आणि त्यांचे दोन्ही हात कायम भरलेले. एका हातात वाट्या, दुसऱ्यात दुधाचं भांडं. ते खाली ठेवा, खटका दाबा, कडी उचला, एवढा वेळ कुणाला? त्या सरळ माझ्यावरून टांग टाकून जात. वर्षानुवर्षं हेच चाललं. माझी कडी गंजायला लागली. मावशींचा पाय माझ्यावरून जाताना दर वेळी माझा जीव मुठीत असे.

एके दिवशी शेगडीवर दूध तापत होतं. खेळ सुरू करायला मावशींनी ताटली आणि पळी हातात घेतलीच होती, तेवढ्यात बाहेर एक मूल जोरात रडलं. मावशी धावल्या, माझ्यावरून पाय टाकला आणि तो अडकला. त्या मागच्या मागे स्वयंपाकघरातच पडल्या. उठायला गेल्या तर पाय हलेना.

सगळी मुलं धावत माझ्यापाशी आली. त्यांनी पट्ट्या धरल्या, मला हलवलं, हंबरडा फोडला. पलीकडे दूध उतू जात होतं. मी जरासा जरी उघडलो असतो तरी ती सगळी शेगडीपाशी, मावशींच्या अंगावर जाऊन पडली असती. मी उघडलो नाही. मावशींनी सरपटत जाऊन ओट्याखालचा गॅस बंद केला. फोन बाहेरच्या खोलीत होता, आणि मुलांचा हात पोचू नये म्हणून उंच फळीवर. मावशींनी पडल्या पडल्या पळी उचलली आणि ताटलीवर वाजवायला सुरुवात केली.

मुलं रडायची थांबली. एकेक करून सतरंजीवर जाऊन बसली. ठमी नावाची एक ठेंगणी मुलगी होती, तिने रांगत्या बाळाला ओढत नेऊन मांडीवर घेतलं. सगळी बसली, तरी पळी थांबेना. पलीकडे शिंपीकाकांचा घास हातातच राहिला. रोज थांबणारी पळी आज का थांबत नाही? किल्ली घेऊन ते धावत आले, दार उघडलं आणि मला ओलांडायला त्यांनी पाय उचलला.

"काका, ओलांडायचं नाही," सतरंजीवरून ठमी म्हणाली. "दोन्ही हातांनी कडी काढायची."

काकांनी पाय खाली ठेवला आणि कडी काढली. मावशी तेवढ्या दुखण्यातही हसल्या, आणि मग तोंडावर हात घेऊन रडल्या.

एकाही मुलाला ओरखडा उठला नव्हता. पाय घसरला म्हटलं असतं तर कुणी जास्त विचारलंही नसतं. पण काय घडलं ते मावशींनी स्वतःच परवान्याच्या कार्यालयात कळवलं. त्याच तपासनीस बाई आल्या. आता त्यांचेही केस पिकले होते.

"तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कळलंही नसतं," त्या म्हणाल्या.

"मुलांना कळलं होतं ना," मावशी म्हणाल्या.

बाईंनी परवाना काढून घेतला नाही, फक्त ताकीद दिली. पण मावशींचा पाय वाकडाच जुळला. ज्याला धावता येत नाही त्याने धावणारी मुलं सांभाळू नयेत, असं म्हणून त्यांनी परवाना आपणहून परत केला. मुलं आपापल्या पिशव्या घेऊन गेली. घोडाही कुणाला तरी देऊन टाकला. परवान्याच्या जागी भिंतीवर नुसता खिळा राहिला. सुतारदादा मलाही काढायला आला होता. दुखऱ्या पायाला कशाला हा अडथळा, असं त्याचं म्हणणं. मावशी म्हणाल्या, राहू दे.

आता दिवसभर घर शांत असतं. घरात एकही मूल नाही, तरी मावशी काठी भिंतीला टेकवतात, दोन्ही हातांनी कडी काढतात, आत जातात आणि कडी लावतात. मग वळून बाहेरच्या खोलीकडे बघत राहतात. त्यांना सगळी मुलं आठवतात, कोण कशावर रुसायचं तेसुद्धा. मुलांना मात्र मावशी आठवत नाहीत. त्यात मुलांची चूक नाही. त्या वयातलं कुणालाच काही आठवत नाही.

म्हणून मित्रांनो, आज घरी विचारा: मला बोलताही येत नव्हतं, तेव्हा दिवसभर मला कोण सांभाळायचं? कळलं की एकदा जाऊन या. दार उघडायला थोडा वेळ लागेल, तेवढं थांबा. आत माझ्यासारखा एखादा बुटका दरवाजा दिसला, तर त्याला ओलांडू नका, उघडा. आणि वाटलं तर त्याआधी त्याच्या पट्ट्या धरून एकदा गदागदा हलवा. मी मुळीच रागावणार नाही.