भैरोबाच्या खांद्यावरच्या कळ्या

नाथाजीला काहीही विचारलं की तो ‘बघू’ म्हणायचा. भाकरी वाढू का? बघू. जत्रेला येतोस का? बघू. गावाला त्याचं हसू यायचं, आणि पोरगं हुशार म्हणून खपूनही जायचं. मॅट्रिकला मार्क चांगले पडले. हुशार पोरं सायन्सला जातात, म्हणून हाही साताऱ्याला सायन्सला गेला. तिथं मास्तरांनी टेबलावर बेडूक पसरून हातात कात्री दिली. हे महाराज वर्षभर नुसते बेडकाकडे बघत बसले आणि नापास झाले. मग मामा म्हणाला कॉमर्स कर, म्हणून सांगलीला गेला. दिवाळीच्या सुट्टीत ट्रंक घेऊन आला तो परत गेलाच नाही. आपल्याला नक्की काय व्हायचंय, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. रात्रंदिवस तोच भुंगा डोकं पोखरायचा.

त्याची धाकटी बहीण राही मात्र अगदी उलटी. तिचं एकदाच ठरलं होतं. आई मनुबाईच्या पायाला विळा लागला, तेव्हा रोज घाव धुऊन पट्टी बदलणारी हीच. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, सांगलीला जायचं आणि नर्स व्हायचं. त्र्याहत्तर साली तीही मॅट्रिक झाली आणि तिनं वडिलांपुढं विषय काढला.

लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले. बोलणं हुकमाचं, पण माणूस वाईट नव्हता.

“पोरगी शिकाय जाऊ दे की, माजी ना न्हाई,” ते म्हणाले. “पर थोरला ल्योक घरात खुर्ची तापवतोय आनि पोरगी सांगलीला धाडली, तर गाव तोंडात शेण घालंल. नाथा, तू फौजेत भरती हो, न्हाईतर पुन्यांदा कॉलेजात जा. कुनीकडं बी जा, पर उंबरा वलांड. तुजं झालं की दुसऱ्या दिशी हिला सांगलीला पोचवतो. बोल, काय करतोस?”

राही भावाच्या तोंडाकडं बघत राहिली.

“बघू,” नाथाजी म्हणाला.

सुभेदारांनी हातातला तांब्या आपटला. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून नाथाजी घाईनं म्हणाला, “आबा, भैरोबाला कौल लावू. देव सांगंल ते करतो.”

हे सगळ्यांना पटलं. त्या गावात लग्न, विहीर, वाटणी, सगळं भैरोबाला विचारूनच व्हायचं. ज्याचा सवाल त्यानं ओलेत्यानं गाभाऱ्यात जायचं, देवाच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीच्या कळ्या पाण्यानं चिकटवायच्या. पाणी सुकलं की एखादी कळी सुटते. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सवाल ठरला: भरती व्हावं का? उजवी पडली तर फौज, डावी पडली तर कॉलेज.

सोमवारी सकाळी नाथाजी गाभाऱ्यात गेला. म्हातारा कोंडीबा गुरव दाराशी बसून गाऱ्हाणं घालत होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला समोरचा माणूस धड दिसत नव्हता. नाथाजीनं कळ्या हातात घेतल्या. उजवी पडली की फौज, मग माघार नाही. डावी पडली की पुन्हा तो वर्ग, ते नापास होणं. कुठलीही पडो, एक दार कायमचं बंद होणार होतं. पायाशी पंचामृताची वाटी होती आणि तिच्याशेजारी मधाची. त्यानं दोन्ही कळ्या मधात बुडवल्या आणि देवाच्या खांद्यांवर दाबून बसवल्या. बाहेर मंडपात राही हात जोडून उभी आहे, हे तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही.

ऊन वर आलं, नाथाजीचं धोतर अंगावरच वाळलं, तरी कळ्या हलल्या नाहीत. शेवटी कोंडीबा म्हणाला, “देव मुका झालाय, सुभेदार. औंदा कायबी करू नगासा. फुडच्या साली बघू.” न पडलेल्या कळ्यांना हात लावायचा नाही, आपण होऊन पडू द्यायच्या, असा तिथला रिवाज. त्या तशाच राहिल्या. नाथाजीला इतकं हायसं वाटलं की घरी येऊन तो पोटभर जेवला. राहीनं ताटाला हात लावला नाही.

आणि चौथ्याच दिवशी तासगावकडचं स्थळ आलं. ऊसवाले लोक, मुलगा एकुलता. सुभेदार म्हणाले, “थोरल्याचं देवानंच अडवलं, त्याला आपुन काय करनार? पोरगी तरी मार्गी लावू.” मनुबाई रडली. तिनंच देवाला विचारावं असं ठरलं. खांद्यांवर आधीचा कौल अडकलेला, म्हणून तिनं देवाच्या गुडघ्यांवर कळ्या लावल्या, निव्वळ पाण्यानं. कोंडीबाचं गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी कळी पडली. नाथाजी मंडपातच होता. एक शब्द बोलला असता तर सगळं थांबलं असतं. तो खांबाला टेकून तसाच उभा राहिला.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून नाथाजीच गेला. सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत दोघं बाकावर बसली. राहीच्या हातांना उसाच्या पात्यांनी चरे पडले होते. समोरून पांढऱ्या साड्यांतल्या पाच-सहा पोरी हसतखिदळत दवाखान्याकडं चालल्या होत्या. त्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा होईपर्यंत राही बघत राहिली.

“दादा,” ती म्हणाली, “भैरोबाच्या खांद्यावर मुंग्या लागल्या हुत्या.”

नाथाजीनं मान खाली घातली.

“दोनी कळ्यांना. लाल मुंग्यांची रांग. मी गुडघ्यांवर कळ्या लावत हुते तवा बगितल्या. पान्याला कशा लागतील मुंग्या?”

“राही...”

“कुठली का पडंना, दादा. उजवी पडली आस्ती तरी मी सुटले आस्ते, डावी पडली आस्ती तरी सुटले आस्ते.”

नाथाजीला रडू फुटलं. स्टँडवरची माणसं बघायला लागली. “मग आबांला का सांगितलं न्हाईस?” तो कसाबसा म्हणाला. “न्हाईतर तूबी मध लावायचास. मदाची वाटी तितंच हुती.”

“देवाला इचारायचं म्हंजे खरंच इचारायचं,” राही म्हणाली. “आन सांगायचं तुजं हुतं. तू बाहेर मंडपात उभा हुतास. आता बोलंल, मग बोलंल, म्हनून मी शेवटपतुर कान लावून हुते.”

गाडी लागली. राहीनं पिशवी उचलली, पदरानं तोंड पुसलं आणि लहानपणी विचारायची तशाच आवाजात विचारलं, “बरं, ते जाऊ दे. आता तुजं काय ठरलं? फौज का कॉलेज?”

नाथाजीनं डोळे पुसले. काहीतरी पक्कं, तिच्या उपयोगी पडेल असं बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

“बघू,” तो म्हणाला.