रुळावरची वाळू

पर्यटकांच्या गाडीसाठी आम्ही जुनं डिझेल इंजिन दुरुस्त करत होतो. जोरात ब्रेक मारला की चाकं घसरू नयेत म्हणून ड्रायव्हर खटका दाबून रुळावर वाळू सोडतो. त्या वाळूची पेटी मी कारध्याच्या नदीतून आणलेल्या वाळूने भरली. इंजिनासमोरून रूळ ओलांडून जेवायला गेलो, परत येतो तर वाळू सांडलेली. पुन्हा भरली, पुन्हा तेच.

"भोजराज, कायले खटका दाबून राहिला बे?" मी जोडीदारावर खेकसलो.

"कोणता खटका? तो तर अजून बसवलाच नाही."

खोटारडा! त्याचा हात धरून मी त्याला इंजिनासमोर ओढत नेलं. माझा पाय रुळात पडताच चाकापुढे भसाभसा वाळू सुटली. वर केबिनमध्ये कोणीच नव्हतं.

"इंजिनानं तुले पाह्यलं," भोजराज पुटपुटला.

इंजिनाचे ब्रेक आम्ही कालच काढून ठेवले होते; थांबायला त्याच्याकडे फक्त वाळूच उरली होती.