‘रुग्ण इच्छुक नाही’

कात्रीबाई हे नाव गल्लीने ठेवलेलं. चाळीस वर्षं बाईंनी बायकांचे कपडे शिवले आणि जिभेलाही कात्रीइतकीच धार होती, त्यामुळे नाव नेमकं कशावरून पडलं हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. आता संधिवाताने बोटं अशी आखडली होती की सुईत दोरा ओवायलाही सून लागायची. ते त्यांना दुखण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

दर महिन्याला त्या इस्पितळात जात. थोरला मुलगा सोबत असायचा. यावेळी त्याला सुट्टी नव्हती, म्हणून एकट्याच गेल्या. वजन करताना नर्स सहज बोलून गेली की सांध्यांच्या नव्या औषधाची चाचणी इथेच चालू आहे, माणसं मिळत नाहीत म्हणून बंद पडायची वेळ आली आहे, आणि नियमात अगदी चपखल बसत असूनही काकूंनी नको म्हणावं याचं तिला नवल वाटतं.

नवल काकूंनाही वाटलं, कारण त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

नोंदणीची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. आत टेबलासमोर हातांची एक चांगली खुर्ची, आणि भिंतीकडे स्टूल. ते स्टूल पाहिल्यावर बाईंना लख्ख आठवलं. गेल्या महिन्यात आपण ह्यावरच बसलो होतो, थोरला त्या खुर्चीत होता, आणि नोंदणीवाली मुलगी त्याच्याशी हळू आवाजात बराच वेळ बोलत होती. आपल्याला वाटलं, विम्याचं काहीतरी असेल. या खेपेला बाई सरळ खुर्चीत बसल्या.

नोंदणीवाली काही वाईट नव्हती, फक्त कामाने पिचलेली होती. तिने नोंदवही उघडली. वहीत नावं नव्हती, नुसते क्रमांक. बाईंच्या, म्हणजे सदतिसाव्या क्रमांकापुढे सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘रुग्ण इच्छुक नाही’.

“रुग्ण कोण?” बाईंनी विचारलं. “मी की माझा मुलगा?”

मुलगी चाचरली. घरचे नाही म्हणाले की पेशंट येतच नाहीत, म्हणून आधी घरच्यांनाच समजावतो, असं तिने सांगितलं.

“कपडा जिला घालायचाय तिचं माप घ्यायचं सोडून सोबत आलेल्याचं घेता, आणि वर म्हणता गिऱ्हाईक येत नाही. खोडा ते.”

खोडता येत नाही, असा नियम निघाला. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी कारण, तारीख आणि सही.

“उत्तम. मारा रेघ. आणि कारण लिहा, रुग्णाला विचारलं नव्हतं.”

मुलीचा चेहरा उतरला, पण तिने ते लिहिलं. खोटं कारण लिहिणं सोपं होतं, हे विसरता कामा नये. मग दीड तास तिने सगळं सांगितलं. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना साधी गोळी, कोणाला कोणती हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायचं. यकृताला त्रास होऊ शकतो. कधीही सोडता येतं. बाईंनी तिला प्रश्न विचारून विचारून घाम फोडला आणि कागद घरी नेले.

घरी थोरल्याचा पारा चढला. त्याने ऐकलेल्या साऱ्या भयकथा ऐकवल्या, आईवर प्रयोग होऊ देणार नाही म्हणाला, गोळी साधीच निघाली तर काय, असंही विचारलं. आपण केलं ते काळजीपोटी, हे त्याने तीनदा सांगितलं, आणि ते खरंही होतं.

“काळजी खुशाल कर,” बाई म्हणाल्या. “पण रक्त माझं जाणार आहे, बोटं माझी आखडलीत. गोळी साधी निघाली तरी होकार माझा असेल. माझं ‘नाही’ तू परस्पर देऊन आलास, याचा मला राग आलाय आणि तो इतक्यात जाणार नाही.”

दोन दिवस बाईंनी कागद पुन्हा पुन्हा वाचले. तिसऱ्या दिवशी बाई कागद घेऊन इस्पितळात हजर झाल्या. त्यांची बोटं पाहून मुलीने शाईचा पॅड पुढे सरकवला.

“मी अंगठेबहाद्दर नाही,” बाई म्हणाल्या. सही करायला चांगली पाच मिनिटं लागली. अक्षरं वेडीवाकडी आली, पण एकही गाळलं नाही.

पेन परत देताना त्यांची नजर उघड्या नोंदवहीवर गेली. आपल्या क्रमांकाच्या वर आणि खाली, अख्खं पान भरून, तेच तीन शब्द.

“यातल्या कितीजणांना तुम्ही स्वतः विचारलंत?”

मुलगी पान वरपासून खालपर्यंत वाचत गेली. मग तिने कपाटातून क्रमांकांपुढे नावं आणि फोन लिहिलेली यादी काढली आणि फोन जवळ ओढला. बाई उठून दारापर्यंत पोचल्या, तेव्हा पलीकडून कोणीतरी पुरुष तावातावाने बोलत असावा, कारण मुलीने बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं.

“हो, तुमचं उत्तर माझ्याकडे लिहिलेलं आहे,” ती शेवटी म्हणाली. “आता फोन तुमच्या आईंकडे द्या.”