थंड पेटीतला कुंचला

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे. माझे केस विरळ झाले आहेत आणि दांड्याचा रंगही उडाला आहे. पण माझी कुणाबद्दल तक्रार नाही. उलट मला आभारच मानायचे आहेत.

एका कारागिराने मऊ केस निवडून मला बांधले. दुकानात मी रंगपेट्यांशेजारी ऐटीत उभा असे. एके दिवशी प्रयोगशाळेतल्या ताई आल्या. त्यांनी माझे टोक गालावर फिरवून पाहिले आणि मला विकत घेतले. मला वाटले, आता रंगांत डुंबायला मिळणार! कसचे काय! माझी रवानगी झाली बर्फाहूनही थंड अशा पेटीत.

त्या पेटीत एक धारदार पाते होते. ते उंदराच्या गोठवलेल्या मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढी. काप निघाला की गुंडाळला जाऊ लागे. मी त्याला हलकेच सरळ करायचे आणि ताईंनी तो काचपट्टीवर घ्यायचा. पुढे त्यावर रसायने घातली की काही पेशी चमकू लागत. मित्रांनो, जनुकांचा संच जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच असतो, पण सगळीच जनुके सगळीकडे काम करत नाहीत. दिवे प्रत्येक घरात असतात, पण लागलेले असतात काहीच खोल्यांत, तसेच हे. आठवणी जपणाऱ्या भागात कोणते जनुक कुठे कामाला लागले आहे, याचा नकाशा ताईंना करायचा होता.

ऐन त्या भागाचे काप चालू असताना ताईंना फोन आला. तेवढ्यात शेजारच्या घाईदादांनी (हे नाव त्यांना सगळ्यांनी एकमताने दिले होते) मला उचलून सूक्ष्मदर्शकावरची धूळ झटकली आणि परत पेटीत ठेवले. पण मी कोमट झालो होतो. ताईंनी मला लावताच काप वितळून माझ्या केसांना चिकटला. दुसऱ्याचेही तेच झाले. माझा जीव टांगणीला लागला.

"अहो, कुंचला बाहेर काढला होतात का?"

"धूळ झटकली फक्त. मिनिटभर!"

"त्या मिनिटात दोन काप गेले हो!"

ताईंनी मला फेकले नाही. हळुवार पुसून पेटीत ठेवले, झाकण लावले आणि मी गार होईपर्यंत त्या थांबल्या. पुढचे सगळे काप छान निघाले. नकाशात मात्र एक पट्टी रिकामी राहिली.

त्यांचे सर म्हणाले, "आजूबाजूचे काप बघून मधलं भरून टाक. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

ताई म्हणाल्या, "सर, आपण त्या उंदराचा जीव घेतला तो खरं कळावं म्हणून. मनाचंच भरायचं होतं, तर त्याला जगू दिलं असतं की."

सरांनी मान खाली घातली. "कोरीच ठेव," ते म्हणाले.

आज तो नकाशा भिंतीवर आहे. पाहुणे आले की सर स्वतःच त्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवतात आणि सांगतात, "इथलं आम्हाला माहीत नाही."

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाची वस्तू विचारल्याशिवाय उचलू नका. आणि ज्याच्या जिवावर आपल्याला काही कळते, त्याच्या नावावर न पाहिलेले काही खपवू नका. त्या उंदराला मी कधी धावताना पाहिले नाही. पण तो गेल्यावरही त्याच्याशी कुणी खोटे वागले नाही, याबद्दल मी ताईंचा जन्मभर ऋणी आहे.